परत आलेली पाकिटं आधी मोजा भाऊ, रील नंतर

पत्र थोडक्यात असं आहे. रावेर तालुक्यातल्या एका गावातून २९ वर्षांच्या एका भावाने लिहिलंय. घरची केळी, वडील अजून शेतात जातात, याने चार वर्षांपूर्वी शेडमध्ये भट्टी टाकून वेफर्स सुरू केले, बायको आणि गावातल्या पाच बाया पॅकिंग करतात. रोजचा ६० किलो माल, महिन्याला २५ दिवस काम. सावदा, फैजपूर, भुसावळ, जळगाव अशी किराणा दुकानं आणि चहाच्या टपऱ्यांची लाईन. दुकानदाराला २०० रुपये किलोने देतात, खर्च १६५, म्हणजे किलोमागे ३५ सुटतात. दोन वर्षांपासून धंदा आहे तिथेच आहे. आता एका एजन्सीने सहा महिन्यांचं १,८०,००० रुपयांचं पॅकेज सांगितलंय, त्यात नवा लोगो, आईच्या नावाच्या जागी एक चटपटीत इंग्रजी नाव, २४ रील, दोन इन्फ्लुएन्सर, इन्स्टावर १०,००० फॉलोअर आणि गुगलवर २०० फाइव्ह स्टार रिव्ह्यू. मित्र म्हणतात कर्ज काढ पण कर. वडील म्हणतात, "केयीवाल्याले कसली इमेज रे भो?" भावाचं म्हणणं एवढंच की आमचा माल चांगला आहे फक्त नाव नाही, तर इमेजसाठी कर्ज काढू की नको?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मी पण त्या एक लाख ऐंशी हजारावरच अडकले, महाग आहे का स्वस्त आहे, कोणती एजन्सी असेल वगैरे. दुसऱ्या वेळी वाचताना शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबले, जिथे तुम्ही जाता जाता लिहिलंय की "शंभरात आठेक पाकिटं दुकानदार परत करतात, पण ते तर सगळ्यांचंच येतं". मग पेन घेतलं आणि तुमचेच आकडे मांडले.

रोजचे ६० किलो, २५ दिवस, म्हणजे महिन्याला १,५०० किलो. शंभरात आठ परत म्हणजे १२० किलो. खर्च १६५ ने धरला तर महिन्याला १९,८०० रुपये भट्टीत घातले आणि उकिरड्यावर टाकले. ३५ रुपये नफा बुडाला तो मी धरतच नाहीये. सहा महिन्यांत हे होतात १,१८,८००. म्हणजे एजन्सीच्या पॅकेजचे दोन तृतीयांश पैसे तुम्ही आत्ताच दर सहामाहीला देताय, फक्त त्याची पावती मिळत नाही. तुम्ही जे ३५ सुटतात म्हणता ते परत आलेला माल वजा करून का तसेच? पत्रावरून तरी तसेच वाटतात.

आता दुसरं गणित. १,८०,००० वसूल करायला ३५ रुपयाने जवळपास ५,१५० किलो जास्तीचा माल विकावा लागेल. तुमच्या भट्टीच्या हिशोबाने ते ८५-८६ दिवसांचं पूर्ण काम झालं, तेही व्याज सोडून. आणि त्या जास्तीच्या मालातूनही शंभरात आठ परत येणारच आहेत, कारण ती पाकिटं का परत येतात हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

म्हणून मला तुमच्या त्या एका वाक्याबद्दल बोलायचंय, "माल चांगला आहे, फक्त नाव नाही". माल चांगला आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही चाखता भट्टीवर. गरम, कुरकुरीत, नुकतं मीठ मारलेलं, तिथे कुणाचाही वेफर चांगलाच लागतो हो. गिऱ्हाईक तोच वेफर विसाव्या-पंचविसाव्या दिवशी खातं, भुसावळच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ ला टेकतो, आणि दुकानदाराने तुमच्या पाकिटांची माळ दुकानाच्या बाहेर उन्हात लटकवलेली असते. तुमचं नाव जे काय व्हायचं ते त्या विसाव्या दिवशीच्या वेफरवर होतंय. त्याने एकदा खवट खाल्ला की तो तुम्हाला फोन करून सांगत नाही, पुढच्या वेळी बोट शेजारच्या पाकिटाकडे जातं, संपलं.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा, एक रुपया लागत नाही. परत आलेली पाकिटं फेकू नका, शेडमध्ये एका बाजूला ठेवा आणि प्रत्येकावर लिहा, कोणत्या दुकानातून आलं, कधी पॅक झालेलं, आणि का परत आलं. खवट झालं, मऊ पडलं, चुरा झाला, की फक्त तारीख गेली. चारही कारणांचा इलाज वेगळा आहे. दहा पाकिटं स्वतः फोडून खा, वडिलांना पण द्या, बोलतील ते ऐका.

खवट होत असेल तर तेल, उजेड आणि हवा या तिघांपैकी कुणीतरी आहे. बहुतेक तिघंही. तुम्ही पारदर्शक पाऊच वापरता असं लिहिलंय, "माल दिसावा म्हणून". दिसतो खरा, पण उजेड पण आत जातो आणि तळलेल्या मालातलं तेल उजेडाने लवकर खराब होतं, म्हणून तर मोठ्या कंपन्यांचे वेफर्स चंदेरी पाऊचमध्ये येतात आणि आत नायट्रोजन भरलेला असतो. लोक म्हणतात हवा विकतात, पण ती हवा माल टिकवायला असते (चुरा पण होत नाही त्याने). मऊ पडत असेल तर वेफर पूर्ण गार व्हायच्या आधी पॅक होतोय का ते बघा, संध्याकाळी घाई असते, गाडी निघायची असते, बाया तरी काय करतील. आणि तेल. कढईतलं तेल किती दिवस चालवता हे तुम्ही लिहिलं नाहीये, मी विचारून तुम्हाला लाजवत पण नाही, पण नियम माहिती असू द्या, तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड म्हणजे तेल जळून तयार होणारा खराब भाग २५ टक्क्यांच्या वर गेला की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून हा नियम आहे. ते मोजायच्या पट्ट्या आणि मीटर दोन्ही मिळतात. फेस धरायला लागला, रंग काळपट झाला की समजून जायचं हे तर आपल्या आज्यांनाही कळायचं.

आता इथे थोडं वडिलांकडे वळते, कारण तुम्हाला वाटेल ही बाई पण त्यांच्याच बाजूची. नाही. "केयीवाल्याले कसली इमेज" हे मला पटत नाही. जळगावात सोनं घ्यायला लोक कुठून कुठून येतात ते बघा, रस्त्यात दहा गावं लागतात, प्रत्येक गावात सराफ आहे, तरी लग्नाचं सोनं जळगावचं. का? कारण कुणाच्या तरी मावशीने वीस वर्षांनी पाटल्या मोडायला नेल्या आणि वजनाला, कसाला बरोबर निघाल्या, आणि ती मावशी हे प्रत्येक लग्नात सांगते. ही इमेजच आहे की. तेव्हा इमेज तुम्हाला पाहिजेच, वडिलांना तसं सांगा. पण मावशीने लग्नात सांगावं असं काहीतरी आधी मालात पाहिजे.

नाव बदलू नका. हे मी एवढ्या जोराने सांगतेय कारण ही चूक घरात झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काळा मसाला विकायचो, गावात सगळे "वहिनींचा मसाला" म्हणून मागायचे, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही एक झगमगीत नाव घेतलं आणि छापील पाऊच काढले. छापील पाऊचला रंगागणिक छपाईचा वेगळा सिलिंडर (ठसा) बनवावा लागतो, म्हणून प्रेसवाला थोडे छापतच नाही, हजारोंनीच घ्यावे लागतात. दहा हजार पाऊच घरी आले. लोक दुकानात जाऊन म्हणायचे, वहिनींचा मसाला द्या, आणि दुकानदार म्हणायचा तो बंद झाला. वर फोन नंबरचा एक आकडा चुकलेला. त्या पाऊचमध्ये माझ्या सासूने पुढची सात वर्षं धने-जिरे भरून ठेवले.

तुमचं चार वर्षांचं नाव आहे, आईचं नाव आहे, रावेर-सावदा पट्ट्यात लोक ते मागतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यापेक्षा ते नाव आपलं करून घ्या. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं की त्या नावाने आधी कुणी नोंदणी केलीय का, आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपये आहे, नोंदणी झाली की १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. फक्त आईचं नाव कॉमन असेल तर एकटं ते मिळायला अवघड जाईल, सोबत गावाचं नाव किंवा चिन्ह जोडावं लागेल, एकदा जाणकाराला विचारा. आणि नोंदणी हातात येईपर्यंत तो गोलातला आर छापायचा नाही, तो गुन्हा आहे, टीएम लिहिलं तर चालतं. हे सगळं पाऊच छापायच्या आधी. तोपर्यंत साध्या चंदेरी पाऊचवर चांगला स्टिकर, चुकला तर ५०० स्टिकर वाया जातील, दहा हजार पाऊच नाही.

स्टिकरवर एजन्सीने तुम्हाला जे दाखवलंय त्यातल्या दोन गोष्टी काढून टाका. एक, "जीआय मानांकित". जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, पण ते मानांकन केळी या फळाला आहे, वेफर्सला नाही, आणि फळावर लावायला सुद्धा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुम्ही "रावेरच्या आमच्याच शेतातली केळी" लिहा ना, ते तर खरंच आहे आणि मला विचाराल तर जास्त गोड लागतं. दुसरी, "नैसर्गिक आणि आरोग्यदायी". तळलेला वेफर आहे भाऊ. असे शब्द कुठे वापरायचे कुठे नाही याचे २०१८ पासून नियम आहेत, आणि गिऱ्हाईक पण हसतं. त्यापेक्षा पॅकिंगची तारीख मोठ्या अक्षरात, दुरून दिसेल अशी. १४ आकडी अन्न परवाना नंबर, हिरवा ठिपका, वजन, किंमत, तक्रारीचा फोन हे तर लागतंच, पण तारीख लोक फिरवून फिरवून शोधतात, कुठेतरी शिवणीत पुसट छापलेली असते. तुमची समोर असेल तर तीच जाहिरात झाली. तेल कोणतं ते पण सरळ लिहा, पामोलिन तर पामोलिन.

आणि एक नाजूक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की मंदीच्या दिवसात त्याच कढईत शेव पण काढता. आपल्याकडे केळी वेफर्सचा खरा सीझन उपवासाचा, आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. बेसनाची शेव निघालेल्या तेलातले वेफर्स "उपवासाचे" म्हणून विकले आणि हे कामावरच्या एखाद्या बाईच्या तोंडून बाहेर पडलं तर कोणतीच एजन्सी तुम्हाला वाचवू शकत नाही, गावं लहान आहेत. उपवासाला वेगळी कढई, नवं तेल, सैंधव मीठ, आणि तसं पाकिटावर छापा. याचे किलोमागे १५-२० रुपये जास्त मागितले तरी लोक देतील, माझी सासू तर नक्की देईल.

आता पॅकेजमधल्या बाकीच्या गोष्टी पटापट. २०० रिव्ह्यू विकत घ्यायचे नाहीत. खोटे रिव्ह्यू ही दिशाभूल करणारी जाहिरात धरली जाऊ शकते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे, पण कायदा सोडा, भुसावळचा माणूस बघतो की रिव्ह्यू देणारे सगळे अनोळखी, सगळ्यांची भाषा सारखी, एकाच आठवड्यातले, त्याला कळतं हो. १०,००० फॉलोअर पण तसेच, ती माणसं तुमच्या गावची नाहीत, कदाचित माणसंच नाहीत, तुमचं रील आलं की ते बघणार नाहीत आणि कुणीच बघत नाही म्हटल्यावर इन्स्टा ते खऱ्या लोकांना पण दाखवत नाही. उलट नुकसान. इन्फ्लुएन्सर एखादा घ्या, पुण्याचा नको, जळगाव-भुसावळकडचा खाण्यापिण्याचं दाखवणारा, आणि पैसे दिले असतील तर व्हिडिओवर जाहिरात असं लिहायला लावा, तसा २०२१ पासूनचा जाहिरात क्षेत्राचा संकेत आहे. २४ रील कशाला? तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या लोकांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं, पहाटे घड उतरवणं, हातावर साल काढणं, किसणीवरून काप थेट कढईत पडतात तो आवाज. फोन स्टुलावर ठेवा आणि वडिलांना बोलू द्या, त्यांच्याच बोलीत. ते वाक्य आहे ना, केयीवाल्याले कसली इमेज, ते तर मी पहिल्या रीलचं नावच देईन.

पण रीलने गर्दी झाली तरी माल त्याच लाईनने विकायचा का, हा पण विचार करा. दुकानदार महिन्याची उधारी ठेवतो, उन्हात लटकवतो, आणि उरलं की परत देतो, म्हणजे सगळी जोखीम तुमची. १० दुकानं सोडा. जी परत करतात आणि पैसे पण उशिरा देतात ती दोन्ही याद्या काढा, मला खात्री आहे निम्मी नावं सारखी निघतील. त्यांच्या जागी थेट गिऱ्हाईक बघा. खान्देशातली किती घरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, नाशिकला, सुरतला आहेत, प्रत्येकाला गावाकडून काहीतरी हवं असतं, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल जातंच. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकायला पैसे लागत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका की नंबर सेव्ह करा, ताजा माल निघाला की कळवतो. मंगळवारी तळला, बुधवारी रात्री गाडीत, गुरुवारी सकाळी पिंपरीत. विसाव्या दिवशीचा वेफर कुणाच्या तोंडात जाणारच नाही. गुगलवर शेडचं ठिकाण टाकून ठेवा, फुकट आहे, सावद्याकडून जाणारे थांबतील, आणि जो थांबेल त्यालाच म्हणायचं, आवडलं तर दोन ओळी लिहा. वर्षात ३० आले तरी त्या २०० पेक्षा भारी.

कर्ज काढायचंच असेल तर मशीनसाठी काढा, नायट्रोजन पॅकिंगच्या. २०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, तिच्यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि जळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून केळीच धरलेली. सध्या अर्ज घेताहेत का ते जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन विचारून या, फोनवर नका विचारू, फोनवर कुणी सांगत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या, फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

असाच प्रश्न पापड-बिबड्यावाल्या दोघी ताईंनी आणि धुळ्याच्या एका बेकरीवाल्या भावाने पण पाठवला होता, त्यांनी वेफर्सच्या जागी आपला माल वाचावा, परत आलेला माल प्रत्येकाकडे असतो, कुणाकडे तो पाकिटात असतो कुणाकडे पुन्हा न आलेल्या गिऱ्हाइकात.

एजन्सीला काय सांगायचं? सांगा सहा महिने थांबा. शंभरात आठचे दोन झाले की फोन करतो, आणि तेव्हा सगळं पॅकेज नको, फक्त लोगो आणि फोटो काढून द्या, त्याचे किती घ्याल ते सांगा. खरी कामाची एजन्सी असेल तर थांबेल. "ही ऑफर आजच संपते" म्हणाली तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मला घरी पाकीट पाठवतो म्हणालात, नका पाठवू. नवरात्राच्या आधी मी भुसावळला जाणार आहे, स्टेशनबाहेरच्या दुकानात तुमचं नाव विचारीन. आईचंच. आणि तारीख बघून घेईन.